सायकलला रंग कुठला?

गेला दीड महिना मी एकाच प्रश्नावर अडकून पडलो होतो. सायकलला रंग कुठला द्यायचा?

हसू नका. याच दीड महिन्यात ऑफिसात आमच्या टीमने एक अख्खं मॉड्यूल डिझाइन केलं, लिहिलं, टेस्ट केलं आणि लाइव्हसुद्धा नेलं. तिथे निर्णय भराभर होतात, कारण चुकला तर पुढच्या स्प्रिंटमध्ये बदलता येतो. सायकलचा रंग एकदा भट्टीत भाजला की भाजला. त्याला अनडू नाही.

तर झालं असं. दोन वर्षं पैसे साठवून मी स्टीलची एक फ्रेम मापावर बनवून घेतली. शिंप्याकडे शर्टाचं माप देतात तसं. पायाची आतली लांबी, धड, हात, खांदे, सगळं टेपने मोजून झालं. फॉर्मवरच्या सगळ्या रकान्यांची उत्तरं माझ्या शरीरानेच दिली, मला काही ठरवावं लागलं नाही. शेवटचा रकाना होता रंगाचा. तो मी रिकामा सोडला. ‘सांगतो दोन दिवसांत,’ म्हटलं. फ्रेम तयार झाली, तरी माझे दोन दिवस संपले नव्हते. शेवटी फ्रेम बनवणारे गृहस्थ कंटाळले. म्हणाले, "साहेब, तुम्ही कच्चीच घेऊन जा आणि तुमच्या सवडीने रंगवून घ्या."

अशा रीतीने ती नागडी फ्रेम आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी येऊन बसली. कच्च्या स्टीलचं एक असतं, ते वाट बघत नाही. हात लागला की घामाचा ठसा, आणि दोन दिवसांनी त्या ठशाच्या जागी तपकिरी ठिपका. मी रोज रात्री तिला तेलाचं बोट फिरवायचो. आई म्हणाली, "बाळाला तेल लावल्यासारखं काय करतोस? रंग दे एकदाचा."

पण कुठला?

संगणकाच्या पडद्यावर तांबडा, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या. म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग. त्यातला एक निवडायचा. दिवसभर हेक्स कोड लिहिणाऱ्या माणसाला हे अवघड जाऊ नये, पण पडद्यावरचा रंग हा उजेड असतो आणि सायकलवरचा रंग हा पदार्थ. पडद्यावर जो निळा डोळ्यांना थंडावा देतो तोच ट्यूबलाइटखाली शाळेच्या बाकासारखा दिसतो. पदार्थाच्या दुनियेत चालतं ते रालचं कार्ड. १९२७ साली जर्मनीत ४० रंगांपासून ही यादी सुरू झाली, आणि आज तिच्यात दोनशेच्या वर रंग आहेत. प्रत्येकाला चार आकडी नंबर. पहिल्या आकड्यावरून घराणं कळतं. १ म्हणजे पिवळे, २ नारिंगी, ३ लाल, ५ निळे, ६ हिरवे, ७ राखाडी. कारखानदार माणूस ‘गर्द हिरवा, जरा काळसर’ असलं काही बोलत नाही. तो म्हणतो, "६००७." विषय संपला.

माझ्यासारख्याला हे फारच आवडलं. मी लगेच एक्सेल उघडलं. रंग, उठाव, मळखाऊपणा, ओरखडे झाकण्याची क्षमता, आणि ‘पाच वर्षांनी कंटाळा येण्याची शक्यता’. प्रत्येकाला दहापैकी गुण, प्रत्येक रकान्याला वजन. शेवटी पहिला नंबर आला राखाडीचा! मी वजनं बदलली. परत राखाडी. एक्सेल बंद केलं.

मग लोकांना विचारलं, ही दुसरी चूक. बाबा म्हणाले, "काळा घे, मळत नाही." टीममधला एक म्हणाला मॅट काळा, दुसरा म्हणाला ग्लॉसी काळा, आणि त्यावर दोघांची जुंपली. सायकलवेड्या मित्राने वेगळाच पाठ पढवला. तो म्हणाला, सायकलच्या जगात खानदानी रंग एकच, बियांकीचा ‘चेलेस्ते’. बियांकी ही १८८५ साली मिलानमध्ये सुरू झालेली कंपनी, आणि तिचा तो आकाशी आणि हिरव्याच्या मधला फिकट रंग. तो कुठून आला याच्या कहाण्या मात्र एकापेक्षा जास्त. कोणी म्हणतं, इटलीच्या राणीच्या डोळ्यांचा रंग. कोणी म्हणतं, मिलानचं आकाश. आणि कोणी म्हणतं, लष्कराचा उरलेला हिरवा रंग पडून होता, त्यात पांढरा-निळा ढोसला आणि झाला चेलेस्ते. मला तिसरी कहाणी पटते. जगातल्या बऱ्याच परंपरा ‘आहे ते संपवू या’ यातूनच सुरू झाल्या असाव्यात. आमच्याकडचा फोडणीचा भात घ्या.

खरं सांगायचं तर मला मनातून एक रंग हवा होता, आणि तो मी कोणाला सांगितला नव्हता.

मी लहान असताना आईकडे एक लेडीज सायकल होती. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळा घरापासून तीनेक किलोमीटर, कर्वे रस्त्याच्या पलीकडे. मी त्याच शाळेत. सकाळी कॅरिअरवर मी, पुढे टोपलीत आमची दोघांची दप्तरं, डबे आणि तपासायच्या वह्या. मी मागून आईची पाठ बघायचो आणि खाली वाकून चेनकव्हर. त्या सायकलचा रंग गर्द हिरवा होता. देवळाजवळचा उतार लागला की आई पायडल मारायचं थांबवायची आणि चाकाचा टिकटिक आवाज यायचा. तो आवाज, तो वारा आणि तो हिरवा. मी सायकल चालवायला लागलो त्याचं मूळ तिथे असावं. पुढे एका पावसाळ्यात आई घसरून पडली, मनगट मोडलं, आणि ती सायकल घरातून गेली. मी तेव्हा सात वर्षांचा. साल २००४.

तर माझा बेत असा होता, की फ्रेम आईच्या सायकलच्या रंगात रंगवायची आणि तिला दाखवायची. म्हटलं, आईला किती बरं वाटेल!

फोटो नव्हता. त्या काळी आपण माणसांचे फोटो काढायचो, सायकलींचे नाही. शेवटी एका शनिवारी मी रालचं कार्ड घेऊन आईसमोर बसलो. साळसूदपणे म्हटलं, "जरा रंग बघायला मदत कर."

आईने कार्ड हातात घेतलं आणि पाच मिनिटांत जर्मन लोकांचं शंभर वर्षांचं काम मोडीत काढलं. नंबरांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "हा मोरपंखी. हा चिंतामणी. हा आमसुली, नाही, आमसुली जरा विटकरीकडे जातो, हा वांगी. हा डाळिंबी. हा अबोली. हा श्रीखंडी, चांगला आहे पण सायकलला नको." मी म्हटलं, "आई, हे दोन्ही निळेच आहेत." ती म्हणाली, "तुला निळे. दुकानात जाऊन चिंतामणी माग आणि आकाशी घेऊन ये, मग कळेल."

यात थट्टेपलीकडे काहीतरी आहे. रशियन भाषेत गडद निळ्याला आणि फिकट निळ्याला दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे लाल आणि गुलाबी असतात तसे. २००७ साली संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. निळ्याच्या दोन छटांमधला फरक ओळखायचा. त्या दोन छटांना रशियनमध्ये वेगवेगळी नावं असतील तर रशियन बोलणारे तो फरक जास्त पटकन ओळखत. इंग्रजी बोलणाऱ्यांना तसा फायदा मिळत नव्हता. म्हणजे शब्द असला की डोळ्यालाही थोडी मदत होते. तीस वर्षं साड्यांच्या दुकानात रंगांची नावं घेणाऱ्या बाईला माझ्यापेक्षा जास्त रंग दिसत असणार. आपल्याकडे नुसते कोड.

मग मी हळूच ६००७ वर बोट ठेवलं. बाटलीचा हिरवा. "आणि हा?"

आईने बघितलं. क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा नको."

"का गं?"

"म्हातारा दिसतो." आणि मग कार्ड मिटून माझ्या हातात देत, "आणि मला सांग, दिसेल का?"

"अगं मस्त दिसेल! गर्द हिरवा, वर तपकिरी सीट..."

ती उठून गॅसकडे गेली. मला वाटलं, ओळखला नाही वाटतं रंग.

पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून भोसरीला गेलो. एमआयडीसीत पावडर कोटिंग करणारा एक जण मित्राने सुचवला होता. पावडर कोटिंग म्हणजे ओला रंग नाही, मैद्यासारखी कोरडी पूड. आधी धातू धुऊन, गंज काढून, फॉस्फेटच्या टाकीत बुडवून घ्यायचा. मग गनमधून पूड उडवतात, तिला विजेचा भार दिलेला असतो, त्यामुळे ती अर्थ केलेल्या धातूला जाऊन चिकटते. फ्रेमच्या मागच्या बाजूलासुद्धा वळून जाऊन बसते, बघायला मजा येते. मग भट्टीत २०० अंशांच्या आसपास भाजायचं. पूड वितळते, पसरते, घट्ट होते. ६० ते ८० मायक्रॉनचा एकसंध थर. ओरखड्यांना ओल्या रंगापेक्षा दणकट.

मालक भट्टीसमोर उभे होते. माझी फ्रेम हातात घेऊन वजन बघितलं, जोड बघितले. "काम चांगलंय. ७०३२ मध्ये मारून देऊ? आज तोच चालूय. चकाचक होईल."

७०३२ म्हणजे सीमेन्स ग्रे. आपल्या बिल्डिंगच्या मीटररूममधल्या इलेक्ट्रिक पॅनेलचा रंग. माझ्या एक्सेलने पहिला नंबर दिलेला राखाडी तो हाच! मी नम्रपणे नकार दिला आणि माझा बेत सांगितला. ६००७ पण किंचित निळ्याकडे झुकणारा, कारण माझ्या आठवणीतला जरा तसा होता. म्हटलं, "हिरव्या पावडरीत थोडी निळी मिसळली तर?"

ते हसले. मिठाच्या डब्यात मिरपूड टाकल्यासारखं होईल, म्हणाले. ओले रंग एकमेकांत विरघळतात. पावडरीचा प्रत्येक कण आपला रंग सोडत नाही. हिरवी आणि निळी मिसळली तर तिसरा हिरवा होत नाही, चितकबरा होतो. हवी ती छटा पाहिजे तर कंपनीकडून तशी बनवून घ्यायची, आणि कंपनी मूठभर बनवून देत नाही. "तुमच्या फ्रेमला लागणार पाव किलो. पुढच्या पन्नास सायकली पण ह्याच रंगाच्या करणार का?"

मापावर शिवलेल्या फ्रेमला शेवटी रंग तयारच घ्यावा लागणार तर.

"मग असं करा," ते म्हणाले, आणि खिळ्यावरचा एक जुडगा काढला. पत्र्याचे तळहाताएवढे तुकडे, भोक पाडून तारेत ओवलेले. प्रत्येक लॉटबरोबर ते एक तुकडा रंगवतात, जाडी मोजायला आणि चिकटलाय का ते बघायला. गेल्या दहा-बारा वर्षांतले सगळे रंग त्या तारेत होते. "कार्डावर बघू नका, पत्र्यावर बघा. घरी न्या. परत आणून द्या मात्र."

मी चार निवडले. ६००७ अर्थातच. वाइनसारखा लाल ३००५. चेलेस्तेच्या जवळ जाणारा फिकट मोरपंखी ६०३४. चौथा त्यांनीच घातला, १००३, सिग्नल यलो. "मशीनच्या गार्डांना मारतो हा. कामगाराचा हात जाऊ नये म्हणून. अर्धा बॉक्स पडून आहे, मागवायला नको."

घरी येऊन चारही तुकडे टेबलावर मांडले. आईने ते बघितले आणि तोच प्रश्न. "दिसेल का?"

या वेळी कळलं. ‘कशी दिसेल’ असं ती विचारतच नव्हती. ‘दिसेल का’ हाच प्रश्न होता. लांबून, मागून, रस्त्यावरच्याला.

मी लगेच इंजिनिअर झालो. म्हटलं, "आई, हे बघ. मागून येणाऱ्याला फ्रेम दिसतच नाही. सीटखालची नळी २८.६ मिलिमीटर. बाजूच्या दोन तर बोटाएवढ्या. त्यांच्यापुढे चाक, मडगार्ड आणि माझे पाय. फ्रेम कुठल्याही रंगाची असली तरी मागच्याला काही फरक पडत नाही. दिसतो तो माझा शर्ट आणि मागचा दिवा. अंधारात सगळ्यात उपयोगाचे पायडलवरचे आणि घोट्यावरचे रिफ्लेक्टर, कारण ते वरखाली हलतात आणि ड्रायव्हरला लगेच कळतं की पुढे माणूस आहे. त्यामुळे रंग हा निव्वळ..."

"फ्लोरोसंट नाही का मिळत? ते रस्ता झाडणाऱ्यांच्या जाकिटाचं?"

"मिळतं, पण ते उन्हात उडतं. उन्हातले अतिनील किरण शोषून ते चमकतं आणि त्याच किरणांनी मरतं. आणि रात्री दिव्याखाली त्याचा फारसा उपयोग नसतो."

"बरं," आई म्हणाली. "गणित राहू दे. संध्याकाळी बघू या."

प्राथमिक शिक्षिकेशी वाद घालू नये. ती प्रयोग करते.

फेब्रुवारीचा शेवट होता. सव्वासहाला मी सोसायटीच्या गेटबाहेर, समोरच्या कुंपणाच्या भिंतीपाशी गेलो आणि तारेला चारही तुकडे ओळीने टांगले. आई तिसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत. मधे शंभरेक पावलांचं अंतर. दोघांच्या कानाला फोन. वॉचमन माझ्याकडे बघत होता, पण माझ्याबद्दल त्याचं मत आधीच बनलेलं आहे.

"चारही दिसतात?"

"चारही. तो फिका फार गोड आहे."

सूर्य साडेसहाच्या पुढे बुडाला. आम्ही इकडचं तिकडचं बोलत राहिलो. मग आई म्हणाली, "लाल काळा झाला रे."

याला नाव आहे. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं, की बागेतली तांबडी फुलं दुपारी पानांपेक्षा उठून दिसतात आणि संधिप्रकाशात त्याच पानांपेक्षा काळी पडतात. भरपूर उजेडात आपण शंकूच्या आकाराच्या पेशींनी बघतो, त्यांना रंग कळतो. उजेड कमी झाला की दंडाच्या आकाराच्या पेशी काम हातात घेतात, आणि त्यांना गडद लाल जवळजवळ दिसतच नाही. मी हे सगळं फोनवर आईला समजावून सांगत होतो.

ती ऐकत नव्हती. म्हणाली, "हिरवा गेला."

"काळा झाला?"

"काळा नाही. गेला. तिथे आहे का नाही तेच कळत नाही. झाडीत मिसळला."

मी दोन पावलांवर उभा होतो. मला तो व्यवस्थित दिसत होता. गर्द, देखणा, माझ्या आठवणीतला. रस्त्याचे दिवे अजून लागायचे होते. फिकट मोरपंखीचा रंग निघून गेला होता, उरला होता भिंतीसारखाच एक राखाडी चौकोन. शेवटी आई म्हणाली, "आता एकच. पिवळा."

मग फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं कट झाला.

"ऐकतोयस का? तेव्हा मी घसरले नव्हते."

मी तारेला हात धरून उभा राहिलो.

ती सांगत होती, सावकाश, वर्गात सांगते तशी. जुलै महिना. शाळेत मीटिंग होती, निघायला उशीर झाला. पावणेसात वाजलेले, आभाळ भरून आलेलं, दिवे लागले नव्हते. मागून टेम्पो आला आणि हँडलला घासून गेला. ती डाव्या बाजूला पडली, मनगटावर. टेम्पोवाला वाईट नव्हता. थांबला, उतरला, तिला उचललं, रिक्षात बसवलं. आणि सारखं एकच म्हणत होता. दिसलाच नाहीत हो ताई. खरंच दिसलाच नाहीत.

"मला त्याचा राग नाही आला," आई म्हणाली. "मी खरंच दिसले नसेन. हिरवी सायकल, साडी पण तसलीच."

"मला का नाही सांगितलं?"

"तू सात वर्षांचा होतास. रोज मागे बसायचास. त्या दिवशी तुला ताप होता म्हणून तू आजीपाशी होतास. एवढंच."

एवढंच. ज्या कॅरिअरवर मी आजवर इतक्या प्रेमाने बसून होतो, ते तिच्या लेखी वीस वर्षं रिकामं होतं, आणि देवाची कृपा म्हणून रिकामं होतं. मी तिला तीच सायकल नवी करून दाखवणार होतो. भेट म्हणून.

रस्त्याचे दिवे लागले. चारही तुकडे परत दिसायला लागले, पण रंग कोणालाच धड नव्हता. मी तार सोडवली आणि वर गेलो. आईने चहा टाकला होता. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. आमच्या घरात असं एकदाच बोलतात.

माझं गणित चुकलेलं नाही, हे मी आजही म्हणेन. मागून येणाऱ्याला सायकलची फ्रेम फारच थोडी दिसते. जीव वाचवायचा असेल तर पैसे आधी चांगल्या मागच्या दिव्यावर घाला, घोट्याला रिफ्लेक्टरचा पट्टा बांधा, आणि मग रंगाचा विचार करा. पण रंग कोणासाठी निवडायचा हा प्रश्न त्या गणितात नव्हताच. माझ्या एक्सेलमध्ये पाच रकाने होते, आणि पाचही मी सायकलकडे बघतोय असं धरून. सायकल चालवताना आपण तिच्याकडे बघत नसतो. आपल्याला हँडल दिसतं आणि रस्ता. तिच्याकडे बघणारे वेगळेच असतात. एक मागून येणारा टेम्पोवाला. आणि एक गॅलरीत उभी राहून वळणापर्यंत बघणारी.

नंतर आठवलं, सायकलच्या जगातला सगळ्यात मानाचा रंगसुद्धा असाच आलाय. टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी १९१९ साली सुरू झाली. स्पर्धा भरवणारं ‘ल’ओतो’ हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं, हे एक कारण सांगतात. दुसरं अगदी साधं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांना घोळक्यात पुढारी कोण ते ओळखू यावं. ती पहिल्यांदा घालणाऱ्या क्रिस्तोफला लोक कॅनरी पक्षी म्हणून चिडवायचे म्हणे. इटलीच्या स्पर्धेत १९३१ साली गुलाबी जर्सी आली, तीही गुलाबी कागदावर छापणाऱ्या वर्तमानपत्रामुळे. मान वगैरे नंतर चिकटला. आधी फक्त दिसायचं होतं.

सोमवारी मालकांना फोन केला. "१००३ करा."

"गार्डवाला?" त्यांना वाईटच वाटलं असावं. "एवढी हौसेची फ्रेम, साहेब..."

"तोच."

चौथ्या दिवशी फ्रेम मिळाली. चिमटा, दांडा, सगळं पिवळंधमक. बेअरिंगच्या जागा आणि आटे त्यांनी टेप लावून नीट झाकले होते, कुठे पावडर गेली नव्हती. तारेतले चारही तुकडे परत केले. ६००७ चा तुकडा देताना हात जरा रेंगाळला, खोटं कशाला बोलू. पण दिला.

टीमने अपेक्षेप्रमाणे ‘रिक्षा घेतलीस का?’ असं विचारलं. सायकलवेडा मित्र चेलेस्तेच्या दुःखात आहे. बाबा म्हणाले, "मळेल." मळेलच.

या शनिवारी पहिल्यांदा बाहेर काढली. मुद्दाम संध्याकाळी, सव्वासहाला. मागे दिवा, घोट्याला पट्टा. गेटमधून निघालो, समोरच्या भिंतीवरून गेलो, वळणापर्यंत गेलो आणि तिथे थांबून मागे बघितलं. तिसऱ्या मजल्यावर आई उभी होती. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, साडी दिसत होती. अबोली असावी. की शेंदरी, तीच जाणे.

फोन लावला.

"कशी दिसते?"

"दिसते," आई म्हणाली.